माझी नसलेली खाज

बायकोला खाज सुटली होती, आणि मी औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं की मला सुटली आहे.

लोक दारू पिऊन, जुगार खेळून, सख्ख्या भावाशी कोर्टकचेरी करून घराची वाट लावतात. मी एका मलमाच्या ट्यूबमध्ये काम भागवलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. आम्ही पेणला रामवाडीत राहायचो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, समोरून सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. मी रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला होतो, शिफ्ट ड्यूटी. कंपनीच्या बसमध्ये माझी ख्याती किस्सेवाला म्हणून होती. लग्नात चुकीच्या मांडवात जाऊन जेवलो तो किस्सा, साहेबाच्या सासऱ्याला वॉचमन समजून झापला तो किस्सा. नागोठणं येईपर्यंत बस हसून लोळत असे. हा किस्सा मात्र मी बसमध्ये कधी सांगितला नाही. यात हसायचं कुठं, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

बायको गडबची. भातशेतीवाल्या घरातली, आवाजाने मोठी, हसण्याने त्याहून मोठी. त्या वर्षी आषाढात एका सकाळी ती चहा गाळत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "अहो, मला जरा तिकडं खाज येते. बरेच दिवस झाले. पांढरं पण जातं अंगावरून."

आमच्या घरात शरीराचे दोनच भाग होते. एक 'पोट', ज्यात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं यायचं, आणि दुसरं 'तिकडं'. लग्नाला दहा-अकरा वर्षं झालेली, पदरात एक मुलगी, पण 'तिकडं'ला आम्ही दोघांनीही कधी नाव दिलं नव्हतं.

"बरं, बघतो," मी म्हणालो. ट्यूबलाइटचा स्टार्टर गेला असं तिने सांगितलं असतं तर ज्या आवाजात म्हणालो असतो, त्याच आवाजात. वर आणखी म्हणालो, "आणि कुणाला बोलत बसू नकोस."

डॉक्टरकडे जाऊ या, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्या इमारतीतली एकही बाई औषधाच्या दुकानात स्वतः जात नसे. बायकांचं जे काही असेल ते पुरुष आणायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून आणि काळ्या पिशवीत घालून. ते इतकं घट्ट गुंडाळलेलं असायचं की आत काय आहे ते अख्ख्या रामवाडीला लांबून कळायचं.

दुकानदार माझ्या ओळखीचा. गणपतीत आमच्या मंडळाचा कार्याध्यक्ष, त्यामुळे माइकवर बोलायची सवय, आणि माइक नसला तरी तोच आवाज. मी संध्याकाळी गेलो. दुकानात गिऱ्हाईकं होती. मी कोपऱ्यात उभा राहून टॉनिकच्या बाटल्यांवरची नावं वाचत बसलो. गिऱ्हाईकं कमी होईनात. शेवटी त्यानेच हाक मारली.

"बोला शेठ, काय देऊ?"

"खाजेवर काहीतरी."

"कुणाला?"

आता इथं दोन अक्षरं बोलायची होती. 'हिला.' माझ्या मागे हायस्कूलचे एक गुरुजी उभे होते, त्यांच्या मागे आणखी एक ओळखीचा चेहरा. बायकोच्या 'तिकडं'चा विषय त्या काउंटरवर ठेवायचा म्हणजे तिला स्वतःला तिथं उभं करण्यासारखं मला वाटलं. तिची अब्रू राखायची म्हणून मी म्हणालो, "मला."

"कुठं?"

मी हनुवटीने खाली खूण केली. तो काउंटरवरून वाकून खाली बघायला लागला, जणू पॅंटवरून खाज दिसणार होती.

"जांघेत?"

"त्याच्याच आसपास."

"हां," तो म्हणाला आणि त्याने आवाज खाली आणला. त्याचा खाली आणलेला आवाज रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यापर्यंत जात असे. "शिफ्टवाल्यांचं हे असंच, शेठ. घरी लागू देऊ नका. आणि जरा जपून. बाहेरचे दिवस लय वाईट आहेत."

तो काय म्हणतोय हे मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं. पण 'नाही हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्याच्या पुढचा. मान डोलावणं हा दुकानातून बाहेर पडायचा सगळ्यात जवळचा रस्ता होता. मी मान डोलावली. मागे गुरुजी खाकरले.

घरी येऊन ट्यूब दिली. तिने उलटीपालटी करून बघितली. बाहेर गजकर्णाचं चित्र होतं, एका पुरुषाच्या दंडावर.

"हे बायकांचं हाय ना?"

"औषधाला बाईपुरुष नसतं," मी म्हणालो.

दोन-तीन दिवस तिला आराम पडला. मी घरात छाती काढून फिरलो. मग खाज परत आली आणि येताना आगीला बरोबर घेऊन आली. तिला नेमकं काय होत होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की ओट्याशी उभी असली की ती सारखी या पायावरून त्या पायावर होते. बाजारातून चालत आली की आधी भिंतीला टेकून उभी राहते. बाथरूममधून बाहेर येते तेव्हा तिचे डोळे ओले असतात. मला वाटलं तोंड धुतलं असेल.

शेजारच्या बिऱ्हाडात खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातली एक बाई राहायची. गॅलरीत उभी राहून बोलली तरी हायवेच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल अशी. ती एकदा घरात आली, माझ्या बायकोच्या चालण्याकडे बघितलं, आणि मी तिथं बसलोय याची काडीचीही पर्वा न करता म्हणाली, "उष्णता हाय गो ती. दुसरं काय नाय. सब्जा घे, तांदळाचं धुवण पी. नि गरम पाण्यात ते वासाचं औषध टाकून बस, जखमेला लावतात ते. चांगलं कडक. जरा झोंबंल, पन झोंबलं पायजे." मग माझ्याकडे वळून, "भावोजी, गुलकंद आना हिच्यासाटी. नुसतं बसून काय बगताय?"

मी उत्साहाने गुलकंद आणला, सब्जा आणला, ती वासाच्या औषधाची बाटली आणली. हे सगळं उघड्या पिशवीतून आणता येत होतं, त्यामुळे मला फार बरं वाटलं. बायको रोज त्या झोंबणाऱ्या पाण्यात बसू लागली आणि रोज जास्त भाजून निघू लागली. झोंबलं म्हणजे गुण येतोय, असं मी तिला दारापलीकडून सांगत होतो.

शेवटी तिने 'लघवीला आग होते' म्हटल्यावर मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. आग हा शब्द मला बोलता येण्यासारखा होता. डॉक्टर भला माणूस, आमच्या मुलीचा ताप-खोकला बघणारा. त्याने बायकोला स्टुलावर बसवलं आणि तिलाच विचारलं, "काय होतंय, ताई?"

"लघवीला आग होते हिला," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"झाले असतील आठ-दहा," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

"आणखी काही? खाज, अंगावरून जाणं वगैरे?"

बायकोने मान वर केली. तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्याच्या फटीतून मला बाहेरच्या बाकावर बसलेला आमच्या मजल्यावरचा एक माणूस दिसला, आणि मी म्हणालो, "नाही नाही. बाकी काही नाही."

तिने तोंड मिटलं. खाली फरशीकडे बघत बसली. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे आणि त्यातला बराचसा मला विकून खाता आला, पण ते मिटलेलं तोंड मला कुठंच खपवता आलं नाही.

डॉक्टरने लघवीच्या आगीवर कॅप्सूल दिल्या. त्या संपल्या, आणि आग दुप्पट झाली.

श्रावणात एका मंगळवारी ती कुणाकडे तरी हळदीकुंकवाला गेली. आली ती निराळीच. बोलणं एकदम कमी झालं. माझं अंथरूण तिने बाहेरच्या खोलीत टाकलं. स्वतःचे कपडे वेगळ्या बादलीत, उकळत्या पाण्यात. स्वतःचं ताट, पेला वेगळा. मुलगी रात्री आईला बिलगून झोपायची, तिला म्हणाली, "मोठी झालीस आता, तिकडं भिंतीशी झोप." आठ वर्षांची मुलगी हिरमुसली. मी बायकोची बाजू घेतली. म्हटलं बरोबर आहे, शिस्त लागली पाहिजे. माझ्या शिफ्ट नीट लागत नव्हत्या म्हणून ती माझ्यावर चिडली असावी, असा मी माझ्यापुरता निकाल लावला आणि बसमध्ये बायकांच्या रुसण्यावर एक नवीन किस्सा तयार केला. चांगला चालला तो.

मग मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली. वाकडीतिकडी, एक पेड वर एक खाली, पण घालायची. भात लावायला शिकली. शाळेचा डबा स्वतः भरायला लागली. मी गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यांना सांगायचो, आमची पोरगी लय हुशार.

एका रविवारी दुपारी मुलगी खाली खेळायला गेली होती. बायको माळ्यावरून काढलेले पोह्याचे पापड निवडत बसली होती. पावसाळी हवेने काही मऊ पडले होते, काहींवर डाग आले होते. डाग आलेले ती बाजूला टाकत होती. मान वर न करता तिने विचारलं, "माझ्या मागं तुम्ही दुसरं लगीन कराल. ते करा. पण पोरीला गडबला माझ्या भावाकडं ठेवाल ना?"

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. मला वाटलं थट्टा चालली आहे. "का गं, कुठं निघालीस?"

"हसू नका," ती म्हणाली. "मला सगळं कळलंय. तुम्ही दुकानात काय सांगितलंत ते त्या दुकानदाराच्या बायकोने मला सांगितलं. हळदीकुंकवाला बाजूला घेऊन. म्हणाली, वहिनी, जपून राहा, पुरुषांची जातच तशी. सगळ्या बायकांना ठाऊक होतं, एकट्या मलाच नव्हतं." पापड निवडायचे तिचे हात थांबले नव्हते. "कुठनं आणलंत ते मी विचारत नाय. एसटी स्टँडवर बोर्ड लावलाय ना त्या रोगाचा. मी वाचलाय. त्याला औषध नाय असं लिहिलंय. म्हणून पोरीला सगळं शिकवून ठेवते. वेणी आली तिला आता. पोळ्या राहिल्यात."

मी तिथंच, त्या पापडांच्या समोर बसलो. मी शेजाऱ्यांना ज्या वेण्या दाखवत होतो, त्या ती स्वतःच्या मरणाची तयारी म्हणून मुलीला शिकवत होती. आणि हे सगळं तिने एकटीने, माझ्यापासून दोन हातांवर राहून केलं होतं.

मी घाईघाईने खरं सांगितलं. मला काही झालेलं नाही, मी कुठं जात नाही, तुझं नाव दुकानात घ्यायची लाज वाटली म्हणून मला झालंय असं म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं कोण म्हणतं?"

"मी म्हणालो."

"स्वतःला नसलेली खाज कोण सांगतं दुकानात? खोटं बोलायचं तर जरा बरं बोला."

मी शपथा घेतल्या. मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो म्हणालो, तर ती ओरडली, "पोरीला मधी आणू नका." जन्मभर मी लोकांना माझा मूर्खपणा फुकट वाटत आलो आणि लोक तो हसत हसत घेत आले. त्या दुपारी पहिल्यांदा मला तो कुणाला तरी पटवून द्यायची गरज पडली, आणि तो कुणी घेईना.

मग मी तिला म्हणालो, "चल, बायकांच्या चांगल्या डॉक्टरला दाखवू. मग तुझं तुला कळेल."

इथं एक गोष्ट लिहून टाकतो. तिला इतक्या दिवसांनी मी डॉक्टरकडे न्यायला निघालो, ते ती बरी व्हावी म्हणून नव्हतं. मी सुटावं म्हणून होतं. ती महिनाभर आगीत उभी होती तेव्हा माझे पाय हलले नाहीत. माझ्यावर आळ आला, आणि मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

पेणमध्ये नको म्हटलं, सगळे ओळखतात. रोह्याला, पूल ओलांडून अष्टमीत, एका लेडी डॉक्टरांचा दवाखाना होता. कंपनीतल्या काही जणांच्या बायका तिथं बाळंत झालेल्या, म्हणून मला माहीत. शेजारणीला सांगितलं, नातेवाइकांकडे बारशाला चाललोय. एसटीने निघालो. गडब आलं तेव्हा बायको खिडकीतून आपल्या माहेरच्या रस्त्याकडे बघत राहिली. बस थांबली, माणसं चढली, बस निघाली, तरी ती मान मागे वळवून तिकडेच बघत होती. मी तिच्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेतली. ती तिने मांडीवर तशीच ठेवली.

दवाखान्यात सगळ्या बायका. एक पोटुशी आणि तिची सासू, बुरखा काढून हातावर घेतलेल्या एक मावशी आणि त्यांची सून, दोन-तीन कॉलेजच्या वयाच्या पोरी. पुरुष मी एकटा. आमचा नंबर आला तसा मी बायकोच्या आधी आत घुसलो आणि खुर्चीवर बसायच्या आत म्हणालो, "मॅडम, फक्त एवढंच सांगा, हा बाहेरून आणलेला रोग नाही ना?"

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. पन्नाशीच्या असतील. केस पांढरे, आवाज अगदी बारीक. "पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"ही."

"मग तुम्ही बाहेर बसा."

"नाही, म्हणजे तिला नीट सांगता येत नाही, मी..."

"त्यांना तोंड आहे. बाहेर बसा."

मी बाहेर येऊन बसलो. बुरखा हातावर घेतलेल्या मावशींनी सरकून जागा दिली. पार्टिशन पातळ होतं. आतलं सगळं नाही, पण बरंच ऐकू येत होतं. आणि मला जे ऐकू आलं त्याने मी थक्क झालो. माझी बायको बोलत होती. न थांबता बोलत होती. खाज आधी की पांढरं आधी, पांढरं कसं, तर दह्याच्या कवडीसारखं, घट्ट, वास नाही. आग कुठं, तर लघवी करताना वरून लागते तिथं, आत पोटात नाही. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही. नवरा जवळ आला की दुखायचं, मग तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही. पाळी कधी आली, त्याआधी कसं होतं, नंतर कसं वाढलं. एवढं सगळं तिच्याजवळ नीट लावून ठेवलेलं होतं. कुणीतरी विचारावं, याची ते वाट बघत होतं.

"हे सुरू व्हायच्या आधी काही औषधं घेतली होती?"

"दाढ काढली होती. तेव्हा कॅप्सूल दिलेल्या. नंतर आगीवर पण दिल्या."

"घरी काय लावलं?"

मग मलम आलं, सब्जा आला, झोंबणारं पाणी आलं. नंतर तपासायच्या खोलीचा पडदा ओढल्याचा आवाज. मग एक नर्स काचेची पट्टी घेऊन शेजारच्या लॅबमध्ये गेली. बोटातून रक्त घेतलं, साखर बघायला. मावशी मला म्हणाल्या, "घबराव नको बाबा, बाई चांगल्या हायत." त्यांना वाटलं मी बायकोसाठी घाबरलोय.

तासाभराने मला आत बोलावलं. बायको खुर्चीवर बसली होती. रडून झालेली, पण चेहरा मोकळा.

"बुरशी आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काचेखाली दिसली. साखर ठीक आहे. ही बुरशी थोडीफार बहुतेक बायकांच्या अंगात असतेच, कुठून आणावी लागत नाही. दाढेच्या कॅप्सूलनी तिला आवरणारे चांगले जंतू मेले, ती वाढली. मग तुम्ही ते मलम दिलंत. त्यात खाज दाबणारं एक औषध असतं. त्याने वरून बरं वाटतं आणि खालून बुरशीला मोकळं रान मिळतं. मग कडक पाण्याने कातडी सोलली. मग पुन्हा कॅप्सूल. एकाही माणसाने तपासलं नाही आणि सगळ्यांनी औषध दिलं."

मी मान डोलावली. मान डोलवायची मला सवयच.

"आतले कपडे कुठं वाळवता?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायकोने माझ्याकडे न बघता सांगितलं, "आत. मोरीत, साडीखाली. गॅलरीत बाहेरून दिसतात म्हणून यांनी नको सांगितलेलं."

"वाळतात का?"

"पावसाळ्यात नाय वाळत. ओलेच घालते."

त्या दिवसांत आमच्या पेणला गल्लोगल्ली गणपतीच्या कारखान्यांत मोठाले बल्ब लावून, शेगड्या पेटवून मूर्ती सुकवत होते. ओल राहिली तर रंग धरत नाही म्हणून रात्रंदिवस माणसं राखणीला. आणि माझ्या घरातली बाई साडीखाली लपवलेले ओले कपडे अंगात घालत होती, गॅलरीतून माझी अब्रू दिसू नये म्हणून.

डॉक्टर बाईंनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, रात्री झोपताना. साधं मलम दिलं. साधं पाणी, साबण नको, कपडे उन्हात नाहीतर इस्त्री फिरवून. "आणि हे पुन्हा झालं तर मागची चिठ्ठी घेऊन दुकानात जायचं नाही," त्या बायकोला म्हणाल्या. "पांढरं जाणं दर वेळी हेच नसतं. वास आला, रंग पिवळा-हिरवा झाला, ओटीपोटात दुखलं, ताप आला, तर ते निराळं. तपासल्याशिवाय मलासुद्धा सांगता येत नाही, तर दुकानदाराला कुठून येणार? तुम्ही या. एकट्या आलात तरी चालेल."

बायको पुढे खरोखर एकटीच गेली. नंतरच्या वर्षांत दोनदा तिला त्रास झाला, दोन्ही वेळा तिने मला नंतर सांगितलं, गोळ्या संपल्यावर. दुसऱ्या वेळेला तर ते बुरशीचं नव्हतंच, दुसरं काही होतं, वेळेवर कळलं म्हणून निभावलं. ते दुसरं काय, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही.

पण त्या दिवशी मी तिथं ज्याच्यासाठी आलो होतो, ते मला अजून मिळालं नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, म्हणजे मी कुठं गेलो नाही हे सिद्ध झालं ना? हिला जरा तसं सांगा."

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. "हा त्रास त्या रोगाचा नाही, याने त्या मरणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांची शंका पुरती जावी म्हणून त्या तपासणीलाही रक्त पाठवते आहे. पण तुम्ही कुठं जाता-येता हे काचेच्या पट्टीवर दिसत नाही. तो दाखला मी देत नाही. पुढचा पेशंट पाठवा."

पूल ओलांडून आम्ही रोह्याच्या स्टँडकडे चालत निघालो. खाली कुंडलिका गढूळ, भरून वाहत होती. बायको माझ्या पुढे चालत होती, हळू, पाय जरा फाकवून, पण पुढे. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा सांगितला, वडा सांगितला. तिने वडा खाल्ला. मग माझ्या बशीतला पण उचलला. कित्येक दिवसांनी तिला अशी खाताना बघत होतो. मला वाटलं हीच वेळ आहे.

"आता तरी पटलं ना," मी म्हणालो, "मी कुठं बाहेर जात नाही ते?"

तिने चहाचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला, आणि पदराने तोंड पुसलं. शेजारच्या टेबलावर कंपनीचे दोघं-तिघं बसले होते, माझ्या बसमधले. ते आमच्याकडेच बघत होते. तिने आवाज अजिबात खाली आणला नाही.

"पटलं की," ती म्हणाली. "बाहेर जायचं तर तिथल्या बाईशी आधी तोंड उघडून बोलावं लागतं. तेवढी धमक तुमच्यात कुठली?"